डब्यात मावतील तेवढ्या

आईनं फोन हातभर लांब धरला, चष्मा नाकावर थोडा खाली ओढला आणि पडद्याकडं बघत राहिली. मधोमध एक पोळी. तिच्यावर बोट टेकवलं की ती टम्म फुगते, परत बसते आणि वरचा आकडा एकानं वाढतो. त्या घटकेला तो आकडा चार कोटी अकरा लाखांच्या पुढं गेला होता आणि कुणी हात न लावताही सेकंदाला नऊ हजारांनी चढत होता. मी सोफ्याच्या कडेला टेकलो होतो, शाळेत प्रगतिपुस्तक सही करायला पुढं केल्यावर बसायचो तसा. दीड वर्ष ऑफिसातून आल्यावर, जेवण झाल्यावर, रात्री एक-एक वाजेपर्यंत मी हा खेळ लिहीत होतो. आईनं खालचं दुकान वरखाली सरकवून बघितलं, मग पुन्हा तो धावता आकडा बघितला, आणि विचारलं, "आणि ह्या खाणार कोण?"

मी म्हणालो, "कुणी नाही. खेळ आहे गं तो."

"बरं," म्हणाली आणि फोन परत दिला.

आमच्या घरात "बरं" या शब्दाला पुष्कळ अर्थ आहेत. हा त्यातला सगळ्यात वाईट. म्हणजे पटलेलं नाही, पण आता तू एवढा मोठा घोडा झालायस तर मी काय बोलू, असा. त्यानंतर आम्ही बातम्या बघितल्या, झोपलो, मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो, आणि ठाकुर्ली ते दादर उभ्यानं जाताना माझ्या डोक्यात तेवढंच एक वाक्य डब्याच्या ठोक्याबरोबर आपटत होतं. खाणार कोण. खाणार कोण.

आई डोंबिवलीला आली ती हात मोडून. मिरजेच्या घरात न्हाणीघरासमोर पाय घसरला, उजवं मनगट गेलं, तिथंच प्लास्टर घातलं आणि शेजारच्या मुलानं तिला महालक्ष्मीत बसवून दिलं. पहाटे कल्याणला उतरवून घ्यायला गेलो तर उजवा हात गळ्यात, डाव्या हातात पिशवी, आणि पिशवीत सगळ्यात वर, फडक्यात बांधलेली स्टीलची चपटी डबी. विरजणाची. "तुझ्याकडं काय दही असणार," म्हणाली. खरं होतं ते. माझ्याकडं दही नव्हतं, कणीक नव्हती, पोळपाट नव्हता. बेचाळीस वर्षांचा, एकटा राहणारा माणूस. डोंबिवलीत कोपऱ्याकोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे. संध्याकाळी येताना पाच पोळ्या आणि एक भाजी घ्यायची, कागदातून ताटात काढायची, संपलं. पोळी ही माझ्या दृष्टीनं कागदात उगवणारी वस्तू होती. आईनं त्यातली एक पहिल्या रात्री खाल्ली, दुसरी दुमडून बाजूला ठेवली. म्हणाली, "उद्या कणीक आण. मी सांगते तसं कर."

एकीकडं मी पोळ्यांचा खेळ लिहिणारा आणि दुसरीकडं आयुष्यात एकही पोळी न लाटलेला, हे त्या रात्रीपर्यंत मला विचित्र वाटलं नव्हतं. ऑफिसात हिशेब, घरी आल्यावर जावास्क्रिप्ट, म्हणजे ज्या संगणकभाषेत मी खेळ लिहितो ती. आमचा पाच-सहा जणांचा हौशी गट आहे. सांगलीचा एकजण दिवसा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे हिशेब बघतो आणि रात्री द्राक्षं वाळवण्याचा खेळ करतो. ठाण्याच्या एका मुलीची चहाची टपरी आहे, पडद्यावर. एकानं इडलीपात्र केलंय. सगळे स्वयंपाकघरातच का घुसतात याची मोठमोठी कारणं सांगता येतील, पण एक छोटं आणि खरं कारण असं की गोल काढायला सोपा असतो. आणि गुरूही तसाच. ज्यूलियन थिएनो या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१३च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी 'कुकी क्लिकर' लिहिला. एक मोठं बिस्कीट, त्यावर टिचकी मारायची, एक बिस्कीट मिळतं. पंधरा झाली की एक आपोआप टिचकी मारणारा बाण विकत मिळतो. शंभर झाली की एक आजी. आजी बसून सेकंदाला एक बिस्कीट भाजते. घेतलेल्या प्रत्येक वस्तूमागं पुढची पंधरा टक्क्यांनी महाग होते. म्हणजे पाचेक घेतल्या की किंमत दुप्पट, आणि शंभराला मिळालेली ती आजी एक्कावन्नाव्या वेळी लाखभर बिस्किटांना पडते. पुढं शेतं, खाणी, कारखाने. तुम्ही फोन खिशात टाका, झोपा, बिस्किटं भाजली जात राहतात. म्हणून 'आयडल गेम'. निवांत बसून खेळायचा खेळ, किंवा खरं तर न खेळण्याचा खेळ.

मी आजीच्या जागी आई घातली होती. किंमत तीच, शंभर पोळ्या.

दुकानाच्या यादीत आईनं ते वाचलं होतं, हे मला नंतर कळलं. "ही मी का?" असं तिनं दोन दिवसांनी भेंडी निवडता निवडता, म्हणजे मी निवडताना बघता बघता, विचारलं. मी म्हणालो, तू नाही, कुणीही आई. "शंभराला एक?" "दुसरी एकशे पंधराला." ती खूप हसली, प्लास्टरचा हात मांडीवर आपटून. मग डोळे पुसत म्हणाली, देठ एवढे लांब कापू नको, कोवळी आहे ती.

मग माझं शिक्षण सुरू झालं. दोन वाट्या कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल. मी पहिल्या दिवशी घट्ट भिजवली, कारण घट्ट गोळा हाताला चिकटत नाही आणि आपल्याला वाटतं जमलं. आईनं डाव्या हाताचं बोट त्यात रुतवलं. ते रुतलंच नाही. "विटा पाडायच्यात का?" पाणी लावून लावून परत मळली. मग झाकून अर्धा तास ठेवायची. मला हा अर्धा तास म्हणजे नुसती चालढकल वाटायची, पण त्या अर्ध्या तासात कुणी काही न करता पीठ आतल्या आत पाणी पितं आणि झाकण काढल्यावर वेगळीच कणीक हाताला लागते, कानाच्या पाळीसारखी. उंडा घ्यायचा, पुरीएवढा लाटायचा, तेलाचं बोट फिरवायचं, वर तांदळाची पिठी भुरभुरायची, घडी, वर आणखी एक घडी. तो त्रिकोण मग कडेकडेनं लाटत गोल करायचा. माझा त्रिकोण बरेच दिवस त्रिकोणच राहिला. आठव्या की नवव्या दिवशी एक पोळी तव्यावर टाकली, बुडबुडे आले, उलटली, फडक्यानं कड दाबली, आणि ती दुसऱ्या बाजूनं हळूहळू उठत उठत सगळीच्या सगळी वर आली. वाफ मनगटाला चटकन लागली. मी ओरडलोच. दीड वर्ष मी ती फुगण्याची चित्रं आठ तुकड्यांत काढून, वेळा बदलून, पडद्यावर नीट बसवत होतो आणि माझी पडद्यावरची पोळी मधून फुगायची. खरी एका कडेकडून फुगते. वारं आलेल्या पडद्यासारखी. त्या रात्री मी ती चित्रं सगळी पुन्हा काढली.

खेळाच्या आत मात्र वेगळ्याच कटकटी असतात. माझ्या दुकानातली पहिली वस्तू 'डावा हात', तो सेकंदाला एक दशांश पोळी करतो. पहिल्यांदा चालवला आणि दहा सेकंदांनी बघतो तर पोळी एक नाही. ०.९९९९९९९९९९९९९९९९. आपल्याला एक तृतीयांश जसा दशांशात पुरा लिहिता येत नाही, तीनावर तीन येतच राहतात, तसं दोनात मोजणाऱ्या यंत्राला एक दशांश पुरा लिहिता येत नाही. दहा वेळा मिळवला की कणभर कमी पडतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "कडेनं कच्ची राहिली असेल." मी दाखवताना आकडा गोल केला. आत ती अजून तशीच आहे, कडेनं कच्ची.

दुसरी कटकट वेळेची. मी ब्राउझरला सांगून ठेवलं होतं की सेकंदाच्या दर दहाव्या भागाला मला हाक मार, मी तेवढ्या पोळ्या वाढवीन. टॅब समोर आहे तोवर तो मारतो. तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात की तो अंग चोरतो, सेकंदाला एकच हाक. म्हणजे माणसाची पाठ वळली की माझं स्वयंपाकघर दहापट मंद. उपाय सोपा आहे आणि प्रत्येक हौशी माणूस तो आधी चुकून मग शिकतो: हाका मोजायच्या नाहीत, घड्याळ बघायचं. मागच्या हाकेपासून किती वेळ गेला तेवढं एकदम देऊन टाकायचं. मी हे सगळं शिकून शहाणा झालेला माणूस, आणि त्याच आठवड्यात कुकर लावून शिट्ट्या मोजत बसलो. डाळीला चार, आई म्हणाली होती. कुकर माझा जुना, रिंग सैल झालेली, वाफ बाजूनं सुसू करत निघून जात होती. शिट्टी होईना. मी ओट्यापाशी वाट बघत उभा. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. शिट्टी म्हणजे हाकच की, ती आलीच नाही तर वेळ थांबतो थोडाच. हे मला कळायला हवं होतं. बाहेरून आई ओरडली, "बंद कर रे, तळाला लागतीय." ती शिट्टीही मोजत नव्हती आणि घड्याळही बघत नव्हती. तिला वास आला होता.

या खेळांत वास नाही. करपत नाही, ओतू जात नाही, आंबत नाही. तुम्ही नसताना काय झालं याचा हिशेब तर इतका सरळ असतो की लाज वाटावी. बंद करताना घड्याळ टिपून ठेवायचं, उघडताना पुन्हा बघायचं, वजाबाकी, गुणिले वेग. माणूस उघडतो तेव्हा मी त्याला लिहून दाखवतो, 'तुम्ही नव्हता तेव्हा इतक्या पोळ्या झाल्या.' प्रत्यक्षात त्या झालेल्या नसतात. उघडल्या क्षणी होतात, एका ओळीत. आईच्या डबीतल्या विरजणाचं तसं नव्हतं. दूध तापवायचं, करंगळी बुडवली तर सोसेल इतकं निवू द्यायचं, चमचाभर विरजण हलवून लावायचं आणि डाळीच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवायचं. मग मात्र रात्रभर तिथं खरोखरच काम चालू असतं. ते जंतू दुधातल्या साखरेचं आंबट करत असतात, मी घोरत असलो तरी. आणि थांबत नाहीत. माझ्या खेळात तुमच्या गैरहजेरीची मोजणी आठ तासांवर थांबते, कुणी गावाला गेला तर खेळ मोडू नये म्हणून. दह्याला ती सोय नाही. एका शनिवारी मी दहापर्यंत झोपलो तर त्यानं मला तोंड वाकडं करून दाखवलं.

मिरजेच्या घरी आम्ही सात जण होतो. आजोबा, आजी, आई-बाबा, काका, ताई, मी. माणशी चार म्हणजे अठ्ठावीस, गाईची एक, आणि कुणी आलंच तर म्हणून तीन. बत्तीस. रोज सकाळी साडेआठपर्यंत बत्तीस पोळ्या डब्यात, खाली फडकं, वर फडकं. तो डबा उघडला की जो ओलसर, गव्हाळ वास यायचा तो मला अजून कुठल्याही केंद्राच्या कागदात मिळालेला नाही. मग काकांची बदली झाली. आजोबा गेले, दोन वर्षांत आजी. ताईचं लग्न झालं. मी इकडं आलो. बाबा गेले त्याला आता सहा वर्षं होतील. "तू तिकडं किती करतेस?" मी तिला एकदा लाटता लाटता विचारलं, सहज. "तीन," म्हणाली. "दोन माझ्या, एक गाईची. गाय पण आता रोज येत नाही."

माझ्या खेळातला आकडा कधीच खाली येत नाही, याचा मला फार अभिमान होता.

इतका की मी मोठ्या आकड्यांना नावं शोधायला गेलो होतो. या खेळांत मिलियन, बिलियन, ट्रिलियन करत पुढं नुसती अक्षरं लावतात. मला ते आपलं हवं होतं. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. एक, दश, शत करत कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, एकावर सतरा शून्यं. ती नावं खेळात घातली तेव्हा मी एकटाच खूश होऊन खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. पोळ्यांचा जलधी! आणि मग लक्षात आलं की जावास्क्रिप्ट नऊ अंत्याच्या जरा पुढं गेलं की एकेक नीट मोजणं सोडतं. ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ पोळ्या झालेल्या असताना तुम्ही पडद्यावर बोट टेकवून आणखी एक पोळी केलीत, तर बेरीज तेवढीच राहते. पोळी फुगते, बसते. आकडा हलत नाही. केलेली पोळी कुठंच जात नाही. तेव्हा मला ही गंमत वाटली होती आणि मी ती गटात सगळ्यांना सांगितली होती. आईच्या प्रश्नानंतर तीच गोष्ट आठवली की घशाशी काहीतरी यायला लागलं.

म्हणून मी खाणारे घातले. आईलाच विचारलं, कशा घालू. ती म्हणाली, आधी डबा घाल. डब्यात मावतील तेवढ्याच करायच्या, उगा वाळवायच्या कशाला. मी बावीसचा डबा घातला. भरला की गॅस बंद. दर काही मिनिटांनी ताटं मांडली जातात, आकडा उतरत उतरत शून्यावर येतो, दोनेक उरतात कधी, कधी एखाद्या ताटाला कमी पडते. मग पुन्हा पहिल्यापासून. कोटी नाही, अब्ज नाही, बावीस. चार रात्री घालवून केलं आणि गटात पाठवलं. ठाण्याची मुलगी म्हणाली, सारखं बघावं लागतंय, टेन्शन येतं. इडलीवाल्यानं काहीच कळवलं नाही. सांगलीचा रात्री फोन करून म्हणाला, "भावा, ही गेम न्हाई. हे घर झालं की."

ती आवृत्ती तशीच पडून आहे. मी कुणाला देत नाही, पुसतही नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, कातडी कोंड्यासारखी. आणखी दहा-बारा दिवस राहून आई मिरजेला गेली, डबी माझ्याकडंच ठेवून. "मला तिकडं शेजारून मिळेल विरजण. हे मोडू नको." मी रोज लावतो. पोळ्यापण करतो, केंद्रावरून हात हलवत पुढं जातो, तिथला माणूस आता ओळख दाखवत नाही.

परवा तिचा फोन बघितला. म्हणजे माझाच जुना, ती इथं असताना वेळ घालवायला तिला दिलेला, त्यात खेळाची पहिली आवृत्ती, बिनखाणाऱ्यांची. खणातून काढला, चार्ज केला, उघडला. मला वाटलं होतं, एवढे दिवस बंद होता, आठ तासांच्या हिशेबानं का होईना, लाखभर तरी झाल्या असतील. पडद्यावर माझंच वाक्य आलं, 'तुम्ही नव्हता तेव्हा ० पोळ्या झाल्या.' शून्य घालून हे वाक्य मी कधी तपासलंच नव्हतं. आतला हिशेब उघडला. हातानं केलेल्या पोळ्या ६,४१२. डावा हात ०. तवे ०. गिरणी ०. आई ०. सहा हजार पोळ्या जमवून या बाईनं दुकानातून एक दमडीचं काही घेतलेलं नव्हतं. मी ओट्याला टेकून तो 'आई ०' बराच वेळ बघत राहिलो, आणि कबूल करतो, डोळे भरून आले. मग तिला फोन लावला.

"तू खेळात एकदाही आई घेतली नाहीस?"

"कुठल्या खेळात? हां, तो पोळीचा. घेऊन काय करू? डॉक्टरांनी सांगितलेलं, प्लास्टर असलं तरी बोटं हलवत राहा. तू गेलास की उशीवर फोन ठेवून दाबत बसायची. दुपारी शंभर, संध्याकाळी शंभर. आपोआप व्हायला लागल्या असत्या तर मी कशाला दाबलं असतं?"

मला काय बोलावं सुचेना. डोळे मात्र पुसून घेतले, तिला काय दिसतंय फोनवर.

"तू आज किती केल्यास?" तिनं विचारलं.

"नऊ."

"एकटा आणि नऊ? खाल्ल्यास किती?"

"पाच."

"मग उरलेल्यांची सकाळी फोडणीची पोळी कर. कांदा बारीक चिर, आणि शेंगदाणे आधी टाक, नाहीतर कच्चे राहतात."

"बरं," मी म्हणालो.